शिकवण्याची संधी मागायची कधी, कोणाकडे आणि कोणती?

प्रश्न : मी रसायनशास्त्रात पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. येत्या सत्रात विभागाने मला पहिल्या वर्षाच्या २४ मुलांची प्रॅक्टिकलची एक बॅच दिली आहे. पुढे शिकवण्याच्याच क्षेत्रात जायचं मनात आहे. पण माझे गाइड म्हणतात, ‘हजेरी घ्या, मार्क द्या आणि लॅबमध्ये परत या. शिकवण्याने पीएचडी होत नाही.’ सीनियर सांगतात, सलग चार सत्रं प्रॅक्टिकलच मिळतं, दुसरं काही हाती लागत नाही. संशोधक विद्यार्थ्याला शिकवण्याच्या आणखी कोणत्या संधी असतात? त्या कधी आणि कोणाकडे मागायच्या? आणि या पहिल्या बॅचचं नेमकं काय करू?

उत्तर : तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण पुढची कोणतीही संधी देणारा माणूस पहिल्यांदा चौकशी करणार ती याच बॅचची.

त्याआधी एक मोजमाप डोक्यात ठेवा. शिक्षकाच्या नोकरीच्या मुलाखतीत ‘किती सत्रं शिकवलंत?’ हा प्रश्न दोन शब्दांत संपतो. खरा प्रश्न त्याच्या पुढचा असतो : त्यात तुम्ही स्वतः काय ठरवलंत? कुठला भाग आधी घेतला, मार्क कशाला दिले, मुलांना जमत नाही हे कधी कळलं आणि कळल्यावर काय बदललं? पुस्तिकेत लिहिलंय तसंच चार सत्रं प्रॅक्टिकल घेणाऱ्याकडे या प्रश्नाला एका सत्राइतकंच उत्तर असतं. त्यामुळे संधी निवडताना तिच्यात किती निर्णय तुमच्या हातात येतात ते बघा. तासांचा हिशेब त्यानंतर.

प्रयोग ठरलेला, पुस्तिका छापलेली, मग प्रॅक्टिकलमध्ये निर्णय कसले, असं वाटेल. एक साधाच प्रयोग घेऊ : सोडिअम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाची नेमकी संहती, म्हणजे एका लिटरमध्ये ते किती विरघळलंय, काढायची. पोटॅशिअम हायड्रोजन थॅलेट हे घनरूप आम्ल वजन करून घ्यायचं, पाण्यात विरघळवायचं, रंग बदलून शेवट दाखवणाऱ्या फिनॉल्फ्थेलिनचे दोन थेंब टाकून टायट्रेशन करायचं, म्हणजे ब्युरेट या खुणांच्या, तोटी असलेल्या नळीतून रंग येईपर्यंत सोडिअम हायड्रॉक्साइड सोडत जायचं. आदल्या आठवड्यात हा प्रयोग एकदा स्वतः करा. तोही तुमच्या लॅबमधल्या चांगल्या काचसामानावर नको, मुलं वापरणार त्याच तराजूवर, त्याच बाटल्यांतून. ०.५ ग्रॅम थॅलेट घेतलं, तर रेणुभार २०४.२ धरून ते साधारण २.४५ मिलिमोल होतं (मोल हे पदार्थ मोजायचं एकक), ०.१ मोलर, म्हणजे लिटरला ०.१ मोल असलेलं सोडिअम हायड्रॉक्साइड सुमारे २४.५ मिलि लागतं. ५० मिलिच्या ब्युरेटला हे सोयीचं आहे. पुस्तिकेत कोणी कधीतरी १.२ ग्रॅम छापून ठेवलं असेल, तर ५८ मिलिपेक्षा जास्त लागणार, ब्युरेट मध्येच पुन्हा भरावी लागणार, वाचनं दुप्पट आणि चुका त्याहून जास्त. असली गोष्ट वाचून लक्षात येत नाही, हाताने करून पाहिल्यावरच येते.

हाताने करताना कुठे घसरायला होतं त्याची यादी करा आणि प्रत्येकाचं कारण लिहा. ब्युरेटच्या तोटीखाली हवेचा बुडबुडा राहिला, तर तो टायट्रेशनच्या मध्यात सुटतो. वाचन पुढे सरकतं, पण तेवढं द्रावण फ्लास्कमध्ये पडलेलंच नसतं. वरचं फनेल काढायचं राहिलं, तर पहिलं वाचन घेतल्यानंतर त्यातले थेंब खाली उतरतात, वापरलेलं आकारमान प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतं आणि संहती जास्त येते. ब्युरेट नुसत्या पाण्याने धुतली, तर उरलेलं पाणी द्रावण पातळ करतं. ती शेवटी भरायच्या द्रावणानेच विसळावी लागते. कोनिकल फ्लास्कचं मात्र बरोबर उलट : तो पाण्याने ओला असला तरी चालतो, कारण त्यातले थॅलेटचे मोल आधीच ठरलेत, सोडिअम हायड्रॉक्साइडने विसळला तर मात्र सगळं बिघडलं. आणि शेवटचा फिका गुलाबी रंग उभ्या उभ्या उडतो, कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड द्रावणात विरघळतो. मुलांना वाटतं अजून झालं नाही. ती थेंब टाकत राहतात. फिका गुलाबी ३० सेकंद टिकला की थांबायचं, हा नियम फळ्यावर हवा.

आता तुमचा निर्णय इथे येतो : यातलं आधी सांगायचं काय आणि होऊ द्यायचं काय? ज्या चुकीने इजा होते किंवा अख्खी बॅच वाया जाते ती आधी सांगा. गॉगल, बुडबुडा, फनेल, ३० सेकंद. फ्लास्क ओला चालतो आणि ब्युरेट का चालत नाही, हे सांगू नका, विचारा. त्या एका प्रश्नात मोल आणि संहती यांतला फरक आहे, आणि पहिल्या वर्षाची निम्मी गणितं त्याच फरकावर अडतात.

तीन तासांच्या प्रॅक्टिकलमध्ये नवा शिक्षक हमखास करतो ती गोष्ट म्हणजे सुरुवातीचं ४० मिनिटांचं भाषण. मुलं उभी, हातात बॅगा, कोणी ऐकत नाही. आणि शेवटी वेळ कमी पडून सगळी गणितं घरी जातात, म्हणजे एका हुशार मुलाच्या वहीतून बाकीच्यांच्या वहीत. तुम्ही १२ मिनिटांत आवरा. मग फेऱ्या. २४ मुलं म्हणजे १२ जोड्या. प्रत्येक जोडीपाशी दोन मिनिटं धरली तर एक फेरी २४ मिनिटांची. पहिल्या फेरीत फक्त मांडणी बघायची : डोळ्यांवर गॉगल आहे का, फनेल काढलंय का, तोटी भरलीय का. दुसऱ्या फेरीत पहिलं वाचन आणि एक प्रश्न. तिसरीत गणित. हुशार, बोलक्या जोडीपाशी दहा मिनिटं रमायचा मोह होतो. कोपऱ्यातली गप्प जोडी मग शेवटपर्यंत तशीच राहते. म्हणून फेरी प्रत्येक वेळी वेगळ्या टोकाने सुरू करा.

आणि ब्युरेटला हात लावू नका. खरंच. मुलाच्या हातून तोटी घेऊन ‘असं कर’ म्हणून दाखवलं की त्याचं वाचन सुधारतं, तो सुधारत नाही.

प्रश्न विचारल्यावर थांबायलाही शिकावं लागतं. अमेरिकेतल्या शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात शाळांमधल्या तासांची ध्वनिमुद्रणं तपासली, तेव्हा शिक्षक प्रश्नानंतर सरासरी साधारण एक सेकंद थांबतात असं दिसलं. तीन सेकंद किंवा जास्त थांबल्यावर उत्तरं लांब झाली आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. तीन सेकंद ऐकायला किरकोळ वाटतात. वर्गासमोर उभं राहून मोजून बघा.

शेवटची २५ मिनिटं राखून ठेवा. प्रत्येक जोडीने आपली संहती काढून फळ्यावर लिहिल्याशिवाय कोणी निघायचं नाही. बारा आकडे एकाखाली एक आले, अकरा ०.०९८ ते ०.१०३ मध्ये आणि एक ०.१२१, की त्रुटींवरची चर्चा तुम्हाला सुरू करावी लागत नाही. तो एक आकडा कोणाचा हे मात्र मोठ्याने विचारू नका. ‘असा आकडा येण्यासाठी काय काय घडलेलं असू शकतं?’ एवढंच विचारा.

सुरक्षिततेबाबत थोडक्यात, पण हे टाळता येणार नाही. आयवॉश, शॉवर, अग्निशामक, सांडलेलं रसायन टिपायचं साहित्य कुठे आहे आणि अपघात झाला तर कोणाला फोन करायचा, हे पहिल्या दिवसाआधी स्वतः जाऊन बघा. आयवॉश उघडून पाणी येतंय का तेही. डोळ्यात अल्कली (इथे सोडिअम हायड्रॉक्साइड) गेली तर किमान १५ मिनिटं सलग पाण्याने धुवायचं आणि डॉक्टरकडे न्यायचं. मूल म्हणेल ‘आता बरं वाटतंय’, तरी १५ मिनिटं म्हणजे १५. प्रत्येक घटना लेखी कळवा, छोटी असली तरी.

तुमचे तास खाणारी खरी जागा वेगळीच आहे : जर्नल, म्हणजे मुलांच्या प्रयोगवह्या, तपासणं. २४ जर्नलं, प्रत्येकी १२ मिनिटं, म्हणजे जवळजवळ पाच तास. हे दर आठवड्याला. गाइडांची चिडचिड इथून येते. उपाय मार्क देण्याच्या पद्धतीत आहे. दहापैकी मार्कांची वाटणी आधीच ठरवा आणि मुलांना प्रयोगाआधी द्या : निरीक्षणं आणि एककं ३, गणित ३, त्रुटींची चर्चा २, निष्कर्ष २. पहिली पाच जर्नलं मार्क न देता नुसती वाचा. मुलं काय लिहितायत याचा अंदाज येतो आणि वाटणी कुठे फसते ते कळतं. मग एकेक मूल न घेता एकेक भाग घ्या : सगळ्यांची निरीक्षणं, मग सगळ्यांची गणितं. त्याने वेग वाढतो, आणि पहिल्या पानावरचं सुंदर अक्षर बघून शेवटच्या पानाला मार्क देणंही टळतं. संपल्यावर सुरुवातीची पाच पुन्हा बघा. माणूस तपासता तपासता कडक होतो किंवा थकून सैल होतो.

शेरा प्रत्येक चुकीवर नको. तीच चूक आठ जणांनी केली असेल, तर पुढच्या प्रॅक्टिकलला फळ्यावर तीन मिनिटं द्या आणि जर्नलात ‘फळ्यावरचं बघ’ एवढंच लिहा. आणि ‘मानवी चूक’ या उत्तराला शून्य मार्क, हे पहिल्याच दिवशी जाहीर करा. चूक कोणती, तिने आकडा वर गेला की खाली, हे दोन्ही लिहिलं तरच दोन मार्क.

त्याच प्रयोगाच्या इतर बॅच दुसऱ्यांकडे असतील, तर सत्राच्या पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी तीच तीन जर्नलं स्वतंत्रपणे तपासून बघावीत. दहात एका मार्कापेक्षा जास्त फरक निघाला तर वाटणीचे शब्द दुरुस्त करा. ही तासाभराची बैठक तुम्हीच बोलवा. विभागाच्या डोळ्यांत भरणारं हे पहिलं काम असेल, आणि पुढे ‘तुम्ही स्वतः काय ठरवलंत?’ या प्रश्नाचं पहिलं उत्तरही. मार्कांबद्दल तक्रार आली तर एक दिवस जाऊ द्या, लेखी मागा आणि तो अख्खा भाग पुन्हा तपासा. मार्क वाढतील किंवा कमी होतील हे आधी सांगून ठेवा.

आता तुमच्या गाइडांकडे येऊ. त्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. शिकवण्याला कुंपण घातलं नाही तर ते सगळी जागा व्यापतं. आणि शिकवण्याचं कौतुक लगेच मिळतं, संशोधनाचं वर्षभर मिळत नाही, त्यामुळे अडलेला प्रयोग टाळून वर्गाची तयारी करत बसणं फार सोपं असतं. उरलेलं अर्धं बरोबर नाही. डेव्हिड फेल्डन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ‘सायन्स’ या शोधपत्रिकेत एक अभ्यास प्रसिद्ध केला. विज्ञान-तंत्रज्ञान शाखांतल्या ९५ संशोधक विद्यार्थ्यांचे संशोधन-प्रस्ताव त्यांनी वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी तपासले. नुसतं संशोधन करणाऱ्यांपेक्षा, संशोधनाबरोबर शिकवणाऱ्यांची तपासता येईल असं गृहीतक मांडण्याची आणि योग्य प्रयोग रचण्याची कुवत जास्त सुधारली होती. कारण समजण्यासारखं आहे : दर आठवड्याला २४ जणांच्या बिघडलेल्या प्रयोगांतून कारण शोधावं लागतं.

पण हा निबंध गाइडांच्या टेबलावर ठेवून वाद जिंकायला जाऊ नका. त्यांना हवं असतं ते वेळापत्रक. प्रॅक्टिकल ३ तास, तयारी २, तपासणी ४, शंकांसाठी १, बैठक १, म्हणजे आठवड्याला ११ तास, आणि ते कोणत्या दिवशी ते लिहून द्या. तपासणी एकाच ठरलेल्या बैठकीत करा, रोज थोडी थोडी नको. प्रगती अहवाल किंवा मोठ्या मोजमापांचा महिना आधीच माहीत असेल, तर त्या महिन्यात शिकवण्याची जादा कोणतीही जबाबदारी घेणार नाही हेही त्यात लिहा. नियुक्तिपत्रात आठवड्याच्या तासांची मर्यादा असते. ती वाचा आणि पहिले चार आठवडे खरे तास टिपून ठेवा. मर्यादा ओलांडली जात असेल तर पाचव्या आठवड्यात आकडे घेऊन बोला. सत्र संपल्यावर बोलून काही होत नाही. तुम्हाला फेलोशिप असेल, तर तिच्या अटींत जादा सशुल्क काम चालतं का हेही बघा. काहींत ते मनाई असतं किंवा लेखी परवानगी लागते. परदेशात शिकत असाल तर व्हिसाच्या तासांची मर्यादा वेगळी मोजली जाते.

संधींची यादी तुम्हाला वाटते त्यापेक्षा लांब आहे. नुसत्या उत्तरपत्रिका तपासणं हे सर्वांत खालचं. त्यात मुलं दिसत नाहीत आणि निर्णयही फारसे नसतात, पण मुलं कुठे चुकतात याची शिदोरी मिळते. एक सत्र पुरे. शंका-समाधान कक्षात बसण्याचं काम कमी प्रतिष्ठेचं मानलं जातं, ते उगाचच : कोणत्याही विषयावरचा प्रश्न तयारीशिवाय समोर येतो, आणि ‘हे मला नक्की माहीत नाही, उद्या दुपारपर्यंत सांगतो’ असं म्हणून ते पाळायची सवय तिथेच लागते. पदवीच्या मुलाला संशोधन-प्रकल्पात मार्गदर्शन करणं हेही शिकवणंच आहे; सुरुवातीला त्याच्यासाठी दोन आठवड्यांत संपेल असा छोटा, स्वतंत्र तुकडा काढा, तुमच्या प्रबंधाच्या कळीच्या मोजमापावर त्याला बसवू नका. शाळांसाठीचे विज्ञानाचे कार्यक्रम आनंदाचे असतात; शिक्षक म्हणून निवड करताना त्यांना वजन थोडं.

तुमच्यासाठी यानंतरची पायरी म्हणजे ट्यूटोरियल, उदाहरणं सोडवून घेण्याचा तास. ५० मिनिटं, उदाहरणं कोणती घ्यायची हे बहुधा तुमच्या हातात, जर्नलं नाहीत, म्हणजे तासही कमी. इथे नवखा माणूस काय करतो? सहा उदाहरणं फळ्यावर स्वतः सोडवतो. मुलं उतरवून घेतात आणि सगळं कळल्याच्या समाधानात घरी जातात. तुम्ही तीनच घ्या. पहिलं तुम्ही सोडवा, मोठ्याने विचार करत, अडखळण्याच्या जागा दाखवत. दुसरं अर्धं सोडवून सोडा. तिसरं त्यांनी तिघातिघांनी, तुम्ही फिरत. तिसरं संपलं नाही तरी चालेल, पण ते सुरू झालंच पाहिजे. पहिल्या दोनांत वेळ गेला तर तास तुमचाच झाला, त्यांचा नाही.

आणखी एक जागा आहे जिच्याकडे फारसं कोणी बघत नाही : प्रयोगशाळेचं समन्वयन, किंवा एखादा जुना प्रयोग नव्याने बसवणं. प्रत्येक विभागात एक तरी प्रयोग असतो जो वर्षानुवर्षं नीट चालत नाही आणि सगळे आकडे जुळवून लिहितात. तो शोधा. कारण काढा, प्रमाणं बदला, नवी दोन पानी पुस्तिका लिहा, तीन जोड्यांवर करून बघा, लॅब असिस्टंटना विचारून साहित्याचा हिशेब जोडा. लॅब असिस्टंटना खरोखर विचारा. प्रयोग का बसत नाही हे त्यांना बहुतेकदा आधीपासून माहीत असतं, त्यांना कोणी विचारलेलं नसतं. हे काम सत्राच्या मधल्या सुट्टीत होतं, गाइडांना खुपत नाही, आणि त्यातले सगळे निर्णय तुमचे असतात.

व्याख्यानाची संधी मिळते ती प्राध्यापक परिषदेला जाणार असतात तेव्हा. आदल्या संध्याकाळी ‘उद्या माझा तास घ्या’ असं आलं तर नम्रपणे नाही म्हणा. चार आठवडे आधी स्वतःहून विचारा : या सत्रात तुम्ही कोणत्या तारखांना नाही आहात? त्यातला एक विषय मला द्याल का? आधीच्या आणि नंतरच्या व्याख्यानाच्या नोट्स मागून घ्या, कारण चिन्हं आणि संज्ञा त्यांच्याशी जुळल्या पाहिजेत. ५० मिनिटांच्या पहिल्यावहिल्या व्याख्यानाला आठ-दहा तास तयारी धरा, आणि त्यात दोनच मुख्य कल्पना ठेवा. संशोधक विद्यार्थी व्याख्यान बिघडवतो तो बहुतेक वेळा अज्ञानाने नाही. परिषदेतल्या भाषणासारखं ४० स्लाइड घेऊन गेल्यामुळे.

दर पंधरा मिनिटांनी एक बहुपर्यायी प्रश्न ठेवा. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९१च्या सुमारास हार्वर्डमध्ये रूढ केलेली पद्धत इथे सोपी पडते : प्रश्न दाखवायचा, मुलांनी आधी एकेकट्याने उत्तर द्यायचं, मग आकडा बघून पुढचं ठरवायचं. बरोबर उत्तरं ३० टक्क्यांच्या खाली असतील तर कल्पना पुन्हा समजावा. ३० ते ७० मध्ये असतील तर मुलांना शेजाऱ्याला पटवून द्यायला सांगा आणि पुन्हा मत घ्या. ७० च्या वर असतील तर थोडं स्पष्टीकरण देऊन पुढे जा. प्रश्न मात्र आकडेमोडीचा नको. ‘उकळत्या पाण्यातल्या बुडबुड्यांत काय असतं?’ हा चांगला प्रश्न, कारण वाफ न म्हणता हायड्रोजन आणि ऑक्सिजन म्हणणारे खूप निघतात आणि त्यांना आपलं उत्तर पक्कं वाटत असतं.

आपण नवखे, आपल्याकडून मुलांचं नुकसान होईल, ही भीती पत्रात नसली तरी असते. व्हँकुव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात लुई देलोरिए, एलन शेल्यू आणि कार्ल वीमन यांनी भौतिकशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या दोन मोठ्या वर्गांची तुलना केली. ती २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. एका वर्गाला अनुभवी, विद्यार्थ्यांना आवडणाऱ्या प्राध्यापकाने तीन तास व्याख्यान दिलं. दुसऱ्याला तेवढाच वेळ, तोच भाग, अनुभव नसलेल्या पण प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षकाने प्रश्न आणि चर्चेच्या पद्धतीने शिकवला. नंतरच्या चाचणीत पहिल्या वर्गाची सरासरी ४१ टक्के, दुसऱ्याची ७४. एका आठवड्याचीच गोष्ट आहे, तिच्यावर फार इमले बांधू नयेत. पण प्रशिक्षण अनुभवाची उणीव भरून काढू शकतं एवढं तिच्यातून दिसतं. तुमच्या विद्यापीठात अध्यापन केंद्र असेल तर त्याचा एक लहान अभ्यासक्रम या सत्रातच करा. प्रमाणपत्रापेक्षा तिथे तुमचा दहा मिनिटांचा पाठ चित्रित करून दाखवतात का, ते बघून निवडा.

स्वतंत्र अख्खा अभ्यासक्रम, बहुधा सुट्टीतल्या सत्रातला, शेवटची पायरी. तो चौथ्या वर्षाआधी मागू नका आणि प्रबंध लिहिण्याच्या सत्रात घेऊ नका. मिळाला तर व्याख्यानांच्या आधी परीक्षेचे प्रश्न लिहा. मुलांना सत्राअखेर काय करता यायला हवं हे त्यातून ठरतं आणि अर्धा अभ्यासक्रम आपोआप गळतो. सुट्टीतलं सत्र आखूड असतं, तेव्हा पंधरा आठवड्यांचा मजकूर सहा आठवड्यांत कोंबण्यापेक्षा तो गळू द्यावा.

पुरावा साठवण्याचं काम आजपासून करा, शेवटच्या वर्षी ते जमत नाही. चौथ्या-पाचव्या आठवड्यात मुलांकडून निनावी कागदावर तीन ओळी घ्या : कशाने शिकायला मदत होते, कशाने अडतं, मी काय बदलावं. पुढच्या तासाला दोन गोष्टी बदलल्याचं सांगा आणि एक का बदलणार नाही तेही सांगा. सत्राच्या सुरुवातीला आणि शेवटी तीच छोटी चाचणी घेता आली, तर अमेरिकेतले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये भौतिकशास्त्राच्या ६२ अभ्यासक्रमांसाठी वापरलेलं गणित करा : सुधारणा भागिले सुधारणेला असलेली जागा. वर्गाची सरासरी ४० वरून ७० टक्क्यांवर गेली, तर ३० भागिले ६०, म्हणजे ०.५. हेक यांच्या आकड्यांत नुसत्या व्याख्यानांच्या वर्गांची सरासरी ०.२३ होती आणि मुलांना कामाला लावणाऱ्या वर्गांची ०.४८. तुमच्याकडे २४ मुलं आहेत हे शेजारी लिहा आणि आकड्याचा फार गाजावाजा करू नका. असं काही शोधनिबंधात छापायचं मनात असेल तर नैतिकता समितीची परवानगी आधी घ्यावी लागते, नंतर मिळत नाही.

शिफारसपत्राबाबत : गाइडांनी तुम्हाला शिकवताना पाहिलेलंच नाही, ते काय लिहिणार? म्हणून एका प्राध्यापकांना सत्रात एकदा प्रॅक्टिकलला यायला सांगा. ‘कसं वाटलं?’ असं न विचारता एकच गोष्ट बघायला द्या, उदाहरणार्थ मी प्रश्न विचारल्यावर किती थांबतो आणि कोणत्या जोड्यांपाशी जातच नाही. त्यांनी दिलेले मुद्दे तारीख घालून ठेवा. फाइलमध्ये तुमची मार्कांची वाटणी, तुम्ही बदललेलं एक पान आधीचं आणि नंतरचं, मुलांच्या तीन ओळींचा गोषवारा एवढं असलं तरी पुष्कळ. मुलांची नावं खोडून.

मागायचं कोणाकडे? यादीवर सही विभागप्रमुखांची असते, पण यादी दुसरंच कोणी बनवतं : वेळापत्रक सांभाळणारे प्राध्यापक किंवा कार्यालयातल्या जबाबदार व्यक्ती. त्या कोण हे शोधा. पुढच्या सत्राचं वाटप बहुतेक ठिकाणी सत्र सुरू होण्याच्या दोन-तीन महिने आधी होतं, म्हणजे तुमची पहिली बॅच निम्म्यावर असतानाच विचारायला हवं. तुमचे सीनियर चार सत्रं प्रॅक्टिकलवर राहिले ते बहुधा नालायक ठरल्यामुळे नाही, त्यांनी दुसरं काही मागितलंच नाही म्हणून. न मागणाऱ्याचं नाव मागच्या वर्षीच्याच रकान्यात जातं. नको असलेली वेळ, म्हणजे सकाळी आठ किंवा संध्याकाळची, चालेल असं म्हणणाऱ्याला निवड लवकर मिळते. गाइडांना आधी सांगा, कारण विभाग त्यांना विचारणारच. मग पाच ओळींची मेल, साधारण अशी :

‘नमस्कार. या सत्रात मी पहिल्या वर्षाची प्रॅक्टिकलची एक बॅच घेत आहे. पुढच्या सत्रात मला सामान्य रसायनशास्त्राचं एक ट्यूटोरियल घ्यायला आवडेल. सकाळची पहिली वेळ चालेल. सर्व बॅचसाठी केलेली मार्कांची वाटणी आणि मुलांच्या मध्यसत्र अभिप्रायाचा अर्ध्या पानाचा गोषवारा सोबत जोडला आहे. आठवड्याला १० तासांपर्यंत वेळ देता येईल. माझ्या मार्गदर्शकांशी बोलणं झालं आहे. ट्यूटोरियल शक्य नसेल, तर ज्या प्रयोगाची पुस्तिका बदलायची आहे असा एखादा प्रयोग सुट्टीत बसवून द्यायला मी तयार आहे.’

दहा दिवसांत उत्तर आलं नाही तर प्रत्यक्ष जाऊन भेटा.